नागपूर भागातला भुईमूग: जमिनीतून खत आणि पानांवरून फवारणी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नागपूर जिल्ह्यात संत्रा, कपाशी आणि सोयाबीनपुढे भुईमूग तसा धाकटाच. तरी पारशिवनी-रामटेक-मौदा भागातल्या कालव्याखालच्या वावरांत, काटोल-कळमेश्वरकडे विहिरीच्या ओलितावर आणि खरिपात हलक्या बरड जमिनींवर तो दरवर्षी पेरला जातो, आणि दरवर्षी खताचे तेच ते प्रश्न येतात. इथे सगळे आकडे एकरी दिले आहेत. कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी असते, पण दुकानात उभं राहून पोती मोजताना एकराचाच हिशेब लागतो.

भुईमूग हवेतला नत्र (नायट्रोजन) घेतो म्हणतात. मग खत टाकायचंच कशाला?

घेतो, पण उगवल्या दिवसापासून नाही. मुळांवर गाठी धरून त्या कामाला लागायला साधारण तीन आठवडे जातात. तोवर रोपाला बियाण्यातला साठा आणि जमिनीतला नत्र यांवरच भागवावं लागतं. म्हणून पेरणीला थोडा नत्र द्यायचा आणि बाकीचं काम गाठींवर सोडायचं. हेक्टरी दोन-अडीच टन शेंगा देणारं पीक १६० ते १८० किलो नत्र उचलतं, आणि शिफारस आहे फक्त २५ किलोची. मधला सगळा फरक गाठी आणि जमीन भरून काढतात.

स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), कॅल्शियम, गंधक मात्र हवेतून येत नाहीत. ते जमिनीत असतील तरच मिळणार.

गाठी काम करतात की नाही हे घरच्या घरी पाहता येतं. पीक ३५-४० दिवसांचं झालं की चार-पाच ठिकाणची झाडं खुरपीनं मातीच्या ढेकळासकट काढा. ओढून उपटू नका, गाठी जमिनीतच राहतात. ढेकूळ बादलीत बुडवून माती सुटू द्या आणि गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी-लालसर असेल तर गाठ नत्र बांधते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती नुसती बसून खाते आहे. लाल गाठी भरपूर असतील तर शेजाऱ्यानं युरिया फेकला म्हणून आपणही फेकायचं कारण नाही. जास्तीच्या नत्रानं गाठी मंदावतात, झाड माजतं आणि शेंगा कमी धरतात.

एकरी नेमकं किती खत?

शिफारस हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद. एकरी झाले १० आणि २०. पालाश माती परीक्षण पाहून द्यावं. कमी असेल तर हेक्टरी ३० किलोपर्यंत, म्हणजे एकरी १२.

पोत्यांच्या भाषेत हे दोन तऱ्हांनी बसतं. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) घेतलं तर एकरी साधारण ४३-४४ किलो, त्यातून २० किलो स्फुरद आणि ८ किलोच्या आसपास नत्र येतो. उरलेल्या नत्रासाठी ५ किलो युरिया पुरतो. सिंगल सुपर फॉस्फेट घेतलं तर १२५ किलो, म्हणजे अडीच पोती, आणि सोबत २२ किलो युरिया. पालाश द्यायचंच असेल तर म्युरेट ऑफ पोटॅश २० किलो. हे सगळं पेरणीलाच द्यायचं. भुईमुगाला कपाशीसारखे युरियाचे हप्ते लागत नाहीत.

डीएपी मिळत नाही, सुपर फॉस्फेटवर काम भागेल का?

भागेल, आणि माझं मत विचाराल तर भुईमुगाला सुपर फॉस्फेटच जास्त मानवतं. त्यात १६ टक्के स्फुरदासोबत ११ टक्के गंधक आणि बऱ्यापैकी कॅल्शियम फुकटात येतं. अडीच पोत्यांत १४ किलोच्या जवळपास गंधक झालं. तेलबियांना गंधक लागतं आणि डीएपीत ते नसतं. तोटा एकच, पोती जास्त वाहावी लागतात. पेरणीच्या तोंडावर डीएपीसाठी रांगेत उभं राहून, वर दुकानदारानं गळ्यात मारलेली नको ती बाटली घेऊन घरी येण्यापेक्षा अडीच पोती वाहिलेली परवडतात.

२०:२०:०:१३ किंवा १०:२६:२६ चालेल का?

चालवता येतं, पण हिशेब करून. हे आकडे म्हणजे पोत्यातले नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के, याच क्रमानं; चौथा आकडा असेल तर तो गंधकाचा. २०:२०:०:१३ ची दोन पोती टाकली तर स्फुरद बरोबर २० किलो होतो, गंधक १३ किलो मिळतं, पण नत्रही २० किलो जातो, म्हणजे शिफारशीच्या दुप्पट. हलक्या बरड जमिनीत एकवेळ खपेल, भारी काळ्या जमिनीत झाड नुसतं पाल्यावर जाईल. १०:२६:२६ चे ७५ किलो घेतले तर नत्र आणि स्फुरद बसतात, पालाश थोडं जास्त होतं. १२:३२:१६ चे ६२ किलो हे तिन्हींना बऱ्यापैकी जुळतं, फक्त गंधक वेगळं द्यावं लागेल.

खत बियाण्यासोबतच पेरलं तर?

भुईमुगाचं बी नाजूक असतं. खत त्याला टेकलं तर कोंब करपतो आणि उगवण विरळ होते. खत बियाण्याच्या बाजूला आणि दोन-तीन सेंटिमीटर खाली पडलं पाहिजे. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रात खताची नळी आणि बियाण्याची नळी वेगळी असते, ती तशीच आहे ना, मागच्या माणसानं एकत्र बांधून तर ठेवली नाही ना, हे पहिल्या तासाला उकरून बघा. तिफणीनं पेरत असाल तर आधी खताचे तास आणि मग बियाण्याचे, किंवा वखराच्या शेवटच्या पाळीत खत मातीत मिसळून घ्या.

शेणखत किती?

एकरी दोन टन, म्हणजे चार-पाच बंड्या (बैलगाड्या), पूर्ण कुजलेलं. कच्चं शेण टाकू नका. हुमणीला (जमिनीतल्या अळीला) ते फार आवडतं आणि हुमणीला भुईमुगाची मुळं त्याहून आवडतात.

बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी धरणारे जिवाणू) लावलं, पण बियाणं आधीच बुरशीनाशक लावलेलं आहे. काही फायदा होईल का?

क्रम नेहमी एकच: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक लावायचं असेल तर ते, आणि सगळ्यांत शेवटी जिवाणू. बाजारातून आणलेलं रंगीत बियाणं असेल तर त्यावर रासायनिक औषध बसलेलं असतं. जिवाणू त्याच्या थेट अंगावर लागले की काही मरतातच. अशा वेळी रायझोबियमची मात्रा थोडी वाढवा, लावल्यावर लगेच पेरा, किंवा जिवाणू संवर्धक बारीक शेणखतात मिसळून तासात द्या.

घरचं बियाणं असेल तर सोपं. ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) किलोला ५ ग्रॅम, रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू प्रत्येकी २५ ग्रॅम. सावलीत वाळवा आणि त्याच दिवशी पेरा. पाकिटावरची शेवटची तारीख बघा. जिवाणूंचं पाकीट महिनाभर दुकानाच्या पत्र्याखाली तापलं असेल तर आत माती उरते, जिवाणू नाही. आणि चोळताना हात हलका ठेवा, साल निघालेला दाणा उगवत नाही.

माती परीक्षण खरंच हवं का? आमच्याकडे तर सगळी काळीच जमीन.

सगळी काळी दिसते, पण सारखी नसते. जिल्ह्याच्या पश्चिमेला काटोल, नरखेड, कळमेश्वर इकडे दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेली जमीन आहे, तर रामटेक, पारशिवनीकडे खालचा खडकच वेगळा, म्हणून मातीही वेगळी. अमरावती रोडवर देशाची मृदा सर्वेक्षण संस्था नागपुरातच बसली आहे. त्यांचे मातीचे नकाशे पाहिले तर एका तालुक्यात किती तऱ्हा निघतात ते कळतं. आणि एकाच धुऱ्याच्या (बांधाच्या) दोन बाजूंना खोल काळी आणि मुरमाड बरड जमीन असणं तर इथे रोजचंच.

नमुना पेरणीपूर्वी, खत टाकण्याआधी घ्या. वावरात नागमोडी फिरत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा १५-२० सेंटिमीटर खोल खड्डा करून त्याच्या बाजूची माती खरवडायची. धुरा, झाडाखालची जागा, शेणखताचा जुना ढीग, पाण्याची पाट हे सगळं टाळा. एकत्र करून, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलोवर आणा. बरड तुकडा आणि काळा तुकडा यांचे नमुने वेगळे.

तपासणीचा अहवाल म्हणजे मृदा आरोग्य पत्रिका, तिच्यात बारा गोष्टी येतात. भुईमुगासाठी आधी चार बघा: सामू (पीएच), गंधक, जस्त आणि बोरॉन. अहवालात स्फुरद 'कमी' असेल तर शिफारशीचा चौथा हिस्सा वाढवा, 'जास्त' असेल तर चौथा हिस्सा कमी करा. पत्रिका घरात कपाटात ठेवून खत मात्र दुकानदाराला विचारून टाकणारे खूप आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिलं.

जिप्सम कशासाठी आणि कधी?

भुईमुगाच्या खतात सगळ्यांत जास्त चुकतं ते इथे, म्हणून जरा सविस्तर.

फूल वर येतं, फळ मात्र जमिनीत. फूल गळालं की त्याच्या बुडातून आरी निघते, ती वाकून मातीत घुसते आणि तिच्या टोकाला शेंग भरते. झाडात कॅल्शियम फिरतं ते पाण्यासोबत, मुळांकडून पानांकडे, कारण पानं पाणी हवेत सोडतात आणि खालून ओढून घेतात. जमिनीत बसलेली शेंग पाणी हवेत सोडतच नाही. त्यामुळे मुळांनी उचललेलं कॅल्शियम वर पानांत जातं, शेंगेकडे वळत नाही. पानांत गेलेलं परत खाली उतरत नाही. शेंगेला लागणारं कॅल्शियम शेंगेनं आपल्या टरफलातूनच, आजूबाजूच्या वरच्या पाच-सात सेंटिमीटर मातीतून उचलायचं असतं. त्या थरात ते विरघळलेल्या रूपात नसेल तर टरफल होतं आणि आत दाणा भरत नाही. शेंग हलवली की खुळखुळते, दाबली की पिचते. आपल्याकडे पोचट शेंग म्हणतात ती हीच. दाणा भरला तरी कधी कधी तो फोडल्यावर आतला कोंब काळपट दिसतो, तेही कॅल्शियमच्या उणिवेचंच लक्षण. असा दाणा बियाण्याला ठेवला तर उगवत नाही.

जिप्सममध्ये साधारण २३ टक्के कॅल्शियम आणि १८ टक्के गंधक असतं. मात्रा एकरी १६० ते २०० किलो. अर्धं पेरणीला, अर्धं आऱ्या सुटताना, म्हणजे ४० ते ४५ दिवसांच्या आत. दुसरा हप्ता झाडाच्या बुडाशी, दोन्ही बाजूंनी, आऱ्या जिथे उतरणार तिथेच पडला पाहिजे. तासाच्या मधोमध फेकलेलं जिप्सम शेंगेपर्यंत पोचत नाही. सकाळी पानांवर दव असताना टाकू नका, भुकटी पानांना चिकटते. टाकल्यावर हलका डवरा (कोळपं) फिरवून मातीत मिसळा आणि मातीची भर झाडाला लागू द्या. डवरणीची ती शेवटची पाळी. आऱ्या मातीत उतरल्यावर डवरा चालवला तर त्या तुटतात, आणि तुटलेल्या आरीला कोणतंच खत जोडत नाही. आऱ्या मातीला टेकाव्यात म्हणून काही जण या टप्प्यावर रिकामा ड्रम पिकावरून फिरवतात. फिरवायचा असेल तर जिप्सम आधी, ड्रम नंतर.

ओल मात्र हवीच. एक लिटर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम जिप्सम विरघळतं. वरचा थर कोरडा असेल तर ते जसंच्या तसं पडून राहतं. उन्हाळी भुईमुगात जिप्सम दिल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ओलीत करा. खरिपात ऑगस्टमध्ये पावसानं दडी मारली की शेंगा पोचट राहतात, त्यामागे नुसती पाण्याची तहान नसते, कॅल्शियमही अडलेलं असतं.

आमच्या जमिनीत चुनखडी आहे. कॅल्शियम भरपूर, मग जिप्सम कशाला?

प्रश्न योग्य आहे. चुनखडीतलं कॅल्शियम मातीत असतं, पण सामू ८ च्या पुढे असला की ते फार हळू सुटतं. जिप्सम त्यापेक्षा पटकन विरघळतं आणि गंधकही देतं. तरीही काळ्या चुनखडीच्या जमिनीत जिप्समचा फरक बरड-रेताड जमिनीइतका ठळक दिसत नाही. पैसे बेताचे असतील तर अशा जमिनीत पेरणीचा हप्ता सोडा आणि आऱ्यांच्या वेळचा १०० किलोचा एक हप्ता द्या. हलक्या जमिनीत दोन्ही हप्ते सोडू नका.

जिप्समऐवजी चुना टाकू नका. सामू आधीच जास्त असलेल्या जमिनीत तो आणखी वाढतो.

सुपर फॉस्फेटमध्येही जिप्सम असतं म्हणतात. मग वेगळं का टाकायचं?

असतं खरं. पण ते पेरणीला बियाण्याखाली पडतं, शेंगा मात्र त्याच्या वर भरतात. गंधकाची गरज त्यानं भागते, शेंगेच्या कॅल्शियमची नाही.

कॅल्शियम नायट्रेट फवारलं तर जिप्समचा खर्च वाचेल?

नाही. पानांवर फवारलेलं कॅल्शियम पानांतच राहतं, ते वरच्या उत्तरात आलंच. टोमॅटो-मिरचीचं फळ वर हवेत असतं, फवारा थेट फळावर पडतो. भुईमुगाचं फळ जमिनीत आहे. ९० टक्क्यांची गंधकाची दाणेदार पिशवीही जिप्समची जागा घेत नाही. तिच्यात कॅल्शियम नसतं, आणि जिवाणूंनी गंधकाचं सल्फेट करेपर्यंत वेळ जातो, म्हणून ती द्यायची तर पेरणीला.

आऱ्या सुटताना पोटॅश टाकलं तर दाणा टपोरा होईल ना?

उलटही होऊ शकतं. शेंगांच्या थरात पालाश जास्त झालं की ते कॅल्शियमशी स्पर्धा करतं आणि शेंगेला कॅल्शियम कमी मिळतं. पालाश पेरणीला, खाली. वरून भुरभुरवायचं नाही.

पानं पिवळी पडली. युरिया मारू का?

थांबा. आधी कोणती पानं पिवळी ते बघा.

खालची, जुनी पानं सरसकट फिकट आणि झाड खुजं असेल तर नत्राची कमतरता, बहुधा गाठी धरल्या नाहीत. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, जाळीसारख्या, असतील तर लोह. शेंड्याची पानं शिरांसकट एकसारखी पिवळी असतील तर गंधक. खालच्या पानांवर गोल काळपट ठिपके आणि भोवती पिवळं वलय असेल तर तो टिक्का रोग, त्यावर खताचा उपाय नाही, बुरशीनाशक लागतं.

आपल्या भागात यातलं सर्वाधिक दिसतं ते लोहाचं. जमिनीत लोह नसतं असं नाही, चुनखडी आणि जास्त सामूमुळे ते झाडाला घेता येत नाही. खरिपात जुलैची झड लागून वावरात पाणी साचलं की पट्ट्यापट्ट्यानं पिवळेपणा येतो. पाणी काढून दिलं आणि चार दिवस ऊन पडलं की पुष्कळदा आपोआप निवळतो. म्हणून आधी चर काढा, मग फवारणीचा पंप.

निवळलं नाही तर हिराकस (फेरस सल्फेट) फवारा: १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम हिराकस आणि १५ ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक अ‍ॅसिड). आधी लिंबूसत्व पाण्यात विरघळवा, मग हिराकस. हिराकस घेताना खडे फिकट हिरवे हवेत. तांबूस, गंजासारखी भुकटी झालेली असेल तर लोहाचं रूप बदललेलं असतं आणि ते पानांना कमी लागतं. विहिरीच्या जड पाण्यात नुसतं हिराकस टाकलं तर तासाभरात बादली चहासारखी दिसू लागते, लिंबूसत्व त्यासाठीच. आठ-दहा दिवसांनी दुसरी फवारणी करा. जमिनीत हिराकस टाकून अशा जमिनीत फारसं हाती लागत नाही, ते पुन्हा अडकतं. लोहाच्या बाबतीत फवारणीच खरी.

जस्त आणि बोरॉन?

जस्त कमी असेल तर झिंक सल्फेट एकरी ८ ते १० किलो पेरणीपूर्वी शेणखतात मिसळून. डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमध्ये कालवून टाकू नका, दोघं एकमेकांना धरून बसतात. एकदा दिलं की दर हंगामाला लागत नाही. उभ्या पिकात लक्षण दिसलं तर पंपाला ७५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि ३५-४० ग्रॅम चुन्याची निवळी.

बोरॉनची उणीव झाडावर दिसत नाही, दाणा फोडल्यावर दिसते. दोन डाळिंब्या वेगळ्या केल्या की आतल्या सपाट बाजूला मध्यभागी खोलगट, तपकिरी खळी असते. मागच्या वर्षीच्या घरच्या दाण्यांत असं दिसलं असेल तर यंदा एकरी २ किलो बोरॅक्स पेरणीला. हात राखून द्या. बोरॉनच्या बाबतीत पुरेसं आणि विषारी यांत अंतर फार कमी आहे.

फवारणीनं खताची जागा भरते का?

हिशेब करून बघू. डीएपीची २ टक्के फवारणी, एकरी २०० लिटर पाणी, म्हणजे ४ किलो डीएपी. त्यातून स्फुरद गेला पावणेदोन किलोच्या थोडा वर. जमिनीतून द्यायचे असतात २० किलो. १९:१९:१९ ची १ टक्का फवारणी केली तर प्रत्येक अन्नद्रव्य चारशे ग्रॅमसुद्धा होत नाही. म्हणजे पेरणीचं खत चुकवून फवारणीवर पीक काढायचं ठरवलं तर जमत नाही. फवारणी मुळं थकलेली असताना, ऐन गरजेच्या आठवड्यात, किंवा लोह-जस्तासारख्या चिमूटभर लागणाऱ्या गोष्टींसाठी.

मग कोणत्या वेळी काय फवारायचं?

पेरणीचं खत नीट पडलं असेल तर दोन फवारण्या पुरतात. पहिली फुलोऱ्यात ते आऱ्या सुटताना: २ टक्के डीएपी, म्हणजे पंपाला ३०० ग्रॅम. आदल्या रात्री भिजत घालून सकाळी वरचं निवळलेलं पाणी कापडातून गाळून घ्या, नाहीतर नोझल तुंबून अर्धा दिवस जातो. त्याऐवजी ००:५२:३४ चालतं, पंपाला ७५ ते १५० ग्रॅम. दुसरी शेंगा भरताना, ६५ ते ७५ दिवसांच्या दरम्यान: १३:००:४५, पंपाला १५० ग्रॅम. रोप अगदीच हडकुळं असेल तरच २० दिवसांच्या सुमाराला १९:१९:१९.

तमिळनाडू कृषी विद्यापीठाची एक जुनी कृती आहे, तीही करून बघण्यासारखी. एकरी १ किलो डीएपी, ४०० ग्रॅम अमोनियम सल्फेट आणि २०० ग्रॅम बोरॅक्स रात्रभर १५ लिटर पाण्यात भिजवायचं, सकाळी निवळ घेऊन २०० लिटर करायचं आणि २५ व्या व ३५ व्या दिवशी फवारायचं. त्यांच्या हवामानात २५ व्या दिवशी फुलं येतात. आपण जानेवारीअखेर पेरलेला उन्हाळी भुईमूग थंडीमुळे आठ-दहा दिवस उशिरा फुलतो, म्हणून दिवस मोजण्यापेक्षा फुलं बघून ठरवा. बोरॅक्स पेरणीला दिलं असेल तर यातून वगळा.

उन्हाळ्यात फवारणी कधी करायची?

एप्रिल-मे महिन्यात नागपुरात पारा ४४-४५ वर जातो. सकाळी साडेआठच्या आत पंप ठेवून द्या, किंवा ऊन उतरल्यावर संध्याकाळी. दुपारी फवारलं तर थेंब पानावर सुकतात, मीठ मागे राहतं आणि कडा करपतात. पीक सुकलेलं असताना फवारू नका, आधी ओलीत आणि दुसऱ्या दिवशी फवारणी. मात्रा वाढवून जोर येत नाही, पान जळतं.

खरिपात फवारल्यावर तीन-चार तास पाऊस नको. झडीच्या दिवसांत उघडीप बघून चिकटद्रव्य टाका.

एकाच पंपात सगळं मिसळलं तर मजुरी वाचेल.

मजुरी वाचते, पीक वाचेलच असं नाही. झिंक सल्फेट किंवा हिराकस डीएपी, ००:५२:३४ यांच्यात मिसळू नका. कॅल्शियम नायट्रेट कोणत्याही स्फुरद किंवा सल्फेटच्या खतात मिसळू नका, पांढरा साका बसतो. औषध आणि विद्राव्य खत एकत्र करायचंच असेल तर आधी एका बाटलीत प्रमाणात मिसळून अर्धा तास ठेवा. गाळ बसला, द्रावण फाटलं किंवा बाटली तापली तर वेगवेगळं फवारा. तणनाशक मारलेला पंप खतासाठी वापरू नका, कितीही धुतला तरी.

ठिबकवरच्या भुईमुगाला?

पेरणीचं खत जमिनीतच द्या. ठिबकमधून ००:५२:३४ आणि नंतर १३:००:४५ थोडं थोडं देता येतं. जिप्सम ठिबकमधून जात नाही, ते हातानंच टाकावं लागतं.

नॅनो युरिया, टॉनिक, ह्युमिक अ‍ॅसिड?

बाटलीवरचे टक्के वाचा आणि गुणाकार करा. ५०० मिलिलिटरच्या बाटलीत ४ टक्के नत्र असेल तर एकूण नत्र झाला २० ग्रॅम. पुढे तुम्हीच ठरवा. टॉनिकनं पान चार दिवस काळंभोर दिसतं, शेंगा त्याच राहतात. जिप्समसाठी पैसे नाहीत म्हणणाऱ्याच्या घरी तीन टॉनिकच्या बाटल्या सापडतात, हे दृश्य नवं नाही.

खत सगळं नीट दिलं, तरी शेंगा कमी. का?

खताबाहेरची कारणं बघा: आऱ्यांच्या वेळी पाण्याचा ताण, घट्ट झालेली जमीन ज्यात आरी घुसतच नाही, उशिरा केलेली डवरणी, एकरी झाडं कमी. मार्चअखेर पेरलेला भुईमूग फुलोऱ्यात सापडतो तो थेट मेच्या उन्हात, त्याला खत काय करणार? आणि रानडुकरं. त्यांनी एका रात्रीत उकरलेलं वावर कोणत्याही मात्रेनं भरून निघत नाही.

काढणीनंतर कुटाराचं (शेंगा तोडून उरलेल्या पाल्याचं) काय करायचं? पुढच्या पिकाला खत कमी लागेल का?

कुटार गुरांना फार चांगलं, म्हणून बहुतेक जण घरी नेतात. त्यासोबत वावरातलं पुष्कळसं नत्र आणि पालाशही घरी येतं. ते परत जायचा रस्ता म्हणजे शेणखत. शेंगा तोडून पाला वावरातच पसरवून वखरला तर पुढच्या कपाशीला पहिल्या हप्त्यात युरिया थोडा कमी चालतो. उन्हाळी भुईमूग मेअखेर निघाला आणि लगेच सोयाबीन पेरायचं असेल तर पाला कुजायला वेळ मिळत नाही. तेव्हा तो गोळा करून धुऱ्यालगतच्या खड्ड्यात शेणाच्या थरांसोबत टाका, रब्बीच्या पेरणीपर्यंत कुजलेलं खत हाताशी येतं.